दर्याला दिलेला ताप

हंसाला कोणी विचारलं, की बाई, तू काय काम करतेस, तर ती म्हणायची, "पोरीकडे बगते." मासळी विकणं, बोंबील वाळवणं, फाटकी जाळी सांधणं, सासूचं करणं हे सगळं ती करायचीच, पण तिच्या लेखी ती कामं नव्हती. काम एकच. पुष्पलता कुठे आहे, तिच्या हातात काय आहे, ती चुलीपासून किती लांब आहे आणि पाण्यापासून किती लांब आहे. तेरा वर्षं तिने हे काम केलं, एक दिवस खाडा न करता. या तेरा वर्षांत तिला कोणी शाबास म्हटलं नाही. म्हणणार तरी कोण? पोरीकडे बघणं याला काम म्हणतात, हेच मुळी कोणाच्या गावी नव्हतं.

तारापूरजवळ खाडीच्या तोंडाशी मच्छीमारांची जी वस्ती आहे, तिथली ती सून. नवरा पुंडलिक होडीवर असायचा. आठवड्यातले चार दिवस समुद्रात, उरलेले तीन दिवस गप्प. सासू काशीबाई मात्र दोघांच्या वाटणीचं बोलायची. तिचा शब्द घरात चालायचा आणि घराबाहेर दहा-बारा घरांतही चालायचा. बाळंतीण अडली, कोणाच्या अंगात ताप भरला, होडी नवी उतरवायची असली की आधी काशीबाईला विचारायचं अशी पद्धत होती.

पुष्पलता हे हंसाचं पहिलं आणि शेवटचं लेकरू. पाच वर्षांची होती तेव्हा वस्तीतल्या बायका तिला मुद्दाम बोलवून तिचे हात बघायच्या. बोंबील वाळवण्याचं काम ज्यांनी पाहिलं नसेल त्यांना सांगायला हवं. वाळूत बांबू रोवून त्यांच्यावर दोऱ्या ताणतात, त्याला वलांडी म्हणतात. त्या दोरीवर एकटा बोंबील टिकत नाही. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे, एकाचे दात दुसऱ्याच्या जबड्यात रुतले की ती जोडी दोरीवर टाकून द्यायची. जोडी नीट अडकली नाही तर मासा खाली वाळूत पडतो, आणि वाळू लागलेला ओला बोंबील कितीही धुतला तरी दाताखाली कचकचतो. तो कोणी घेत नाही. मोठ्या बायांचीही यात चूक व्हायची. पुष्पाच्या इवल्या बोटांची व्हायची नाही. दोन्ही हातांत एकेक मासा, मध्ये एक झटका, की जोडी तयार. काशीबाई कौतुकाने म्हणायची, "माज्या हातावर गेलीय." हंसाला ते खरं वाटायचं नाही, पण बरं वाटायचं.

अठ्ठ्याहत्तर साली भाद्रपदात, सहाव्या वर्षी, पोरीला ताप आला.

त्या वर्षी घरोघर ताप होता. बोईसरच्या बाजूला नव्या कारखान्यांच्या पायासाठी जागोजाग खणून ठेवलेलं, पावसाने ते खड्डे तुडुंब भरलेले. चंद्रभान नावाचा मलेरियावाला पंधरा दिवसांनी सायकलवरून वस्तीत यायचा. तो सिन्नरकडचा. ज्याला ताप असेल त्याच्या बोटाला सुई टोचून काचेवर रक्ताचा ठिपका घ्यायचा, कडू गोळ्या द्यायचा आणि दारावर खडूने तारीख लिहून पुढच्या घरी जायचा. लोक त्याला हसायचे. पोरं त्याला बघून लपायची. काशीबाई तर त्याला उंबऱ्याच्या आत येऊ द्यायची नाही, कारण रक्त काढून नेणाऱ्या माणसाचं काय सांगावं!

पुष्पाला तीन दिवस ताप होता. काशीबाईने दृष्ट काढली, अंगारा लावला, कसलासा काढा पाजला. चौथ्या दिवशी सकाळी पोरगी ताठ झाली. दातखीळ बसली, डोळे वर गेले, हातपाय झाडायला लागले. मग सगळं थांबलं, आणि हंसा हाका मारत राहिली तरी ती उठेना. योगायोगाने तो चंद्रभानच्या फेरीचा दिवस होता. त्याने आरडाओरडा ऐकला, कोणाची परवानगी न विचारता आत आला, पोरीच्या पापण्या उघडून बघितल्या आणि तसाच पळत सुटला. रस्त्यावर जाऊन त्याने एक मालट्रक आडवा उभा राहून थांबवला. त्या ट्रकमध्ये, सिमेंटच्या गोण्यांवर बसून, पोरगी मांडीवर घेऊन हंसा पालघरच्या सरकारी दवाखान्यात पोचली.

तिथे तीन दिवस पोर शुद्धीवर नव्हती. हाताला सलाईन, त्यातून मलेरियाचं औषध, कोयनेल. हंसा खाली फरशीवर बसून होती. ती रडली नाही. चौथ्या दिवशी पुष्पाने डोळे उघडले आणि पाणी मागितलं. तेव्हा ती रडली.

आता गोष्ट इथे संपायला हवी होती. सगळ्यांना वाटलं संपलीच. वस्तीत नारळ फुटले, पुंडलिकने चक्क दोन वाक्यं एका दमात बोलून दाखवली.

मरणाच्या दारातून माणूस परत आलं की काशीबाईची एक रीत होती. दुखण्यात अंगावर असलेले कपडे, सोबत नारळ आणि हळद, असं गाठोडं बांधून ओहोटीच्या पाण्यात सोडायचं. दुखणं दर्याला द्यायचं. देणाऱ्याने पाठ फिरवली की मागे वळून बघायचं नाही. आणि त्या दुखण्याचं नाव घरातल्या माणसाने पुन्हा कधी तोंडातून काढायचं नाही. नाव काढलं तर दर्या घेतलेलं परत आणून टाकतो. काशीबाई हे सांगताना अशी बघायची की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यावा.

हंसाने पुष्पाच्या पिवळ्या झग्याचं गाठोडं ओहोटीत सोडलं आणि पाठ फिरवली. वीस पावलं गेली. मग तिला राहवलं नाही. तो झगा तिने हाताने शिवला होता, त्याच्या खिशावर लाल दोऱ्याचा मासा काढला होता. तिने एकदा, एकदाच, वळून बघितलं. गाठोडं सुटलं होतं. नारळ पुढे गेला होता, आणि झगा होडी बांधायच्या खुंटाला अडकून चिखलात पडला होता.

कोणी पाहिलं नाही. तिने कोणाला सांगितलं नाही.

महिन्याभरात कळायला लागलं की घरी आलेली पुष्पा वेगळी आहे. तिला साधे शब्द आठवायचे नाहीत. तांब्याला तांब्या म्हणायचं तर "ते, ते पाण्याचं" म्हणून बोट दाखवायची. समोरच्या दुकानात मीठ आणायला पाठवलं तर दुकानात जाऊन नुसती उभी राहायची. शाळेत शिकलेली अक्षरं पुसून गेली. उजवा हात जड झाला. मध्येच संताप यायचा, मग ताटवाटी भिरकावून द्यायची आणि दोन मिनिटांनी विचारायची, ताट कोणी टाकलं? सगळ्यात वाईट म्हणजे तिचं थांबणं. बोंबलांची जोडी लावता लावता हात हवेत थांबायचे. नजर समोर कुठेतरी लागायची, ओठ चघळल्यासारखे हलायचे. इतक्या वेळात माणूस दहापर्यंत मोजेल. मग हातातले मासे खाली वाळूत. आणि पोरगी पुन्हा दुसरे मासे उचलायला लागायची, जसं काही झालंच नाही.

"दुकन्यात लाड केलेत, सोकावलीय," काशीबाई म्हणाली. "ढोंग हाय. कामाचा कंटाळा."

हंसाने ते ऐकलं आणि धरून ठेवलं. तिला दोष द्यायच्या आधी एक गोष्ट समजून घ्या. पोरीचं काही बिघडलं असेल, तर ते का बिघडलं हे हंसाला ठाऊक होतं, निदान तिला तसं वाटत होतं. ती वळली होती. दर्याने निम्मं नेलं आणि निम्मं ठेवलं. पण ते ढोंग असेल, तर मग काहीच बिघडलेलं नाही, आणि वळून बघितल्याचा दोषही नाही. म्हणून तिला ते ढोंगच हवं होतं. आणि ढोंगाला औषध म्हणजे मार.

तिने मारलं. पहिल्यांदा पाठीत एक चापट, मग गालावर, मग जे हाताला लागेल त्याने. मासे पडले की मार, ही घरातली नेहमीची गोष्ट झाली, चूल पेटवण्याइतकी. मारून झालं की ती मागच्या दारी जाऊन बसायची. तिला स्वतःची किळस यायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा मासे पडायचे.

पोरगी बारा वर्षांची झाली तरी दुसरीच्या पुढे सरकेना, तेव्हा शाळेतल्या मास्तरांनी चिठ्ठी दिली. बोईसरला डॉक्टरांचं शिबिर होतं, मुंबईचे मोठे डॉक्टर येणार होते. हंसा पोरीला घेऊन गेली, काशीबाई सोबत. डॉक्टर भला माणूस होता, पण समोर शंभर पोरं उभी. त्याने विचारलं, "लहानपणी काही मोठं आजारपण? खूप ताप? झटके? बेशुद्ध पडली होती?"

काशीबाईचा हात हंसाच्या दंडावर होता. त्या हाताने नुसता दाब दिला.

एक अट तिने मोडलेली होती. दुसरी मोडली तर ताप परत येईल आणि या वेळी पोरीला घेऊनच जाईल, याची तिला खात्री होती, आपल्या हाताला पाच बोटं आहेत तेवढी.

"नाय," हंसा म्हणाली. "साधा अंग पन गरम नाय झाला कदी."

डॉक्टरने कागदावर लिहिलं, मंदबुद्धी, जन्मतः. ताकदीचं औषध दिलं. मास्तरांनी तो कागद वस्तीत मोठ्याने वाचून दाखवला, बिचाऱ्याच्या मनात वाईट काही नव्हतं. पण जन्मतः या शब्दाने आपलं काम केलं. जन्मतः म्हणजे पोटातून. पोट कोणाचं? हंसाचं. जी काशीबाई पोरीला माज्या हातावर गेलीय म्हणायची, तीच आता म्हणाली, "आमच्याकडे असा कोन नव्हता." पुंडलिक काही बोलला नाही. तो कधीच काही बोलत नसे, पण या वेळचं न बोलणं निराळं होतं, ते घरात येऊन राहिलं. दुसरं मूल झालं नाही. हंसाने हेही पोटात घातलं. खरं सांगायचं तर तिला त्यातून थोडी शिक्षा भोगल्यासारखं वाटायचं, आणि तेवढ्यापुरतं बरं वाटायचं.

मग वर्षं गेली, कशी ते विचारू नका. सकाळी पाटी डोक्यावर, पोरगी बाजूला, एसटीने बोईसर. सालवडच्या खोल्यांमध्ये, कुंभवलीच्या चाळींमध्ये सुके बोंबील विकत फिरायचं. कारखान्यातली माणसं वाकून विचारायची, "मावशी, आज ताजा क्या है?" आणि मावशी उत्तर देता देता मागे बघायची. पुष्पाला घरात ठेवायची सोय नव्हती. एकदा ठेवली तर ती विहिरीच्या काठावर बसून पाय हलवत होती. म्हणून हंसाने पदराचं टोक तिच्या मनगटाला बांधायची सवय लावली. आठ वर्षांच्या पोरीला पदर बांधला तर कोणी बघत नाही. सोळा वर्षांच्या पोरीला बांधला की सगळा बाजार बघतो. हंसा कोणाकडे बघायची नाही.

ती थकली होती. हे थकणं झोपेने जाणारं नव्हतं. तिला वाटायचं, एक दिवस, फक्त एक दिवस कोणीतरी म्हणावं, आज तू नीज, मी बगतो. कोणी म्हटलं नाही. एकदा बोईसरच्या बाजारात, भर गर्दीत, तिने पदराची गाठ सोडली. का सोडली ते तिला सांगता येणार नाही. गाठ सोडून ती पुढे चालत राहिली. भाजीवाल्यांची रांग संपेपर्यंत गेली आणि मग पायच उचलेना. धावत परत आली तर पुष्पा तिथेच उभी होती, मनगट पुढे धरून, पुन्हा बांधायला.

एकोणनव्वद साली काशीबाई वारली. तिच्या मागे तिची रीत मात्र राहिली. हंसाने त्यानंतरही तापाचं नाव काढलं नाही. शेजारी कोणी आजारी पडलं तरी ती म्हणायची, अंग गरम हाय.

एक्क्याण्णवच्या पावसाळ्यानंतर बोंबलांचा हंगाम सुरू झाला होता. एके दिवशी चंद्रभान सायकल ढकलत वलांडीपाशी आला. मधली बरीच वर्षं त्याची बदली जव्हारकडे होती. केस पांढरे झालेले, पिशवी तीच. हंसाने त्याला ओळखलं आणि मान खाली घातली. तेवढ्यात पुष्पाचे हात थांबले. नजर लागली, ओठ हलले, दोन्ही बोंबील वाळूत पडले. हंसाने सवयीने हात उचलला आणि पोरीच्या डोक्यात मारला.

"आवं बाई!" चंद्रभान ओरडला. "मारता काय? ही तीच ना, अठ्ठ्याहत्तरची? मेंदूला मलेरिया चढला होता ती?"

हंसा अशी उठली की समोरची पाटी उलटी झाली. "नाव नका काढू! तुमच्या पाया पडते, नाव नका काढू!"

चंद्रभानला काही समजेना. तो वाळूत बसला. त्याने पुष्पाकडे बघितलं, ती पडलेले मासे उचलून पुसत होती. मग तो हळू बोलायला लागला, जास्त करून स्वतःशीच.

"तिकडं डोंगरात अशी पोरं लई बघितली मी. ताप मेंदूत जातो, पोरगं वाचतं, घरच्यांना वाटतं सुटलं. मग शाळंत डोकं चालत नाही, बोलायला अडतं. आन् हे आत्ता झालं ना हिला, हे झटकं असत्यात. हातपाय झाडले तरच झटका असं काही नाही. आईबाप म्हणतात, ढोंग करतंय. डॉक्टरला दाखवलं नाही का तुमी?"

"दाखवलं."

"मग? तापाचं सांगितलं नाही?"

हंसा उलटलेल्या पाटीतले मासे गोळा करायला लागली. चंद्रभान उठताना म्हणाला, "बोईसरला एक डॉक्टरीणबाई बसतात, दर सोमवारी. चांगल्या आहेत. पण त्या विचारतील, बाई. खरं सांगावं लागंल." आणि जाताना सवयीप्रमाणे त्याने घराच्या दारावर खडूने तारीख लिहिली.

सोमवार आला आणि गेला. हंसा गेली नाही. दोन्हीकडून तिची कोंडी झाली होती. नाव काढावं तर ताप परत येणार. न काढावं तर हे असंच चालणार. आणि चंद्रभान म्हणतो ते खरं असेल, ढोंग नसेल, तर तेरा वर्षं आपण काय केलं? या प्रश्नाच्या जवळ गेली की ती उठून काहीतरी काम काढायची. घर तीनदा सारवून झालं.

पुढच्या शनिवारी पुष्पा भाकरी भाजत होती. हंसा दोन पावलांवर मासळी साफ करत होती. दोनच पावलांवर. तव्यावर भाकरी टाकता टाकता पोरीचा हात थांबला, आणि थांबला तो चुलीच्या जाळावर. हंसाने झेप घेऊन तिला मागे ओढलं, पण तळवा भाजून निघाला होता. पुष्पा भानावर आली. आधी तिने आईच्या तोंडाकडे बघितलं, हाताकडे नंतर. तिने भाजलेला हात पाठीमागे लपवला आणि म्हणाली, "आये, मी मुद्दाम नाय केला."

सोमवारी हंसा बोईसरला गेली.

डॉक्टरीणबाईंनी हाताची पट्टी बदलली आणि बाकीचं विचारायला घेतलं. तो जुना कागद हंसाने पुढे केला. बाईंनी वाचला. "जन्मापासून अशीच आहे?"

हंसाने खिडकीबाहेर बघितलं. मग तिने सांगितलं. भाद्रपदात ताप आला, तीन दिवस होता, चौथ्या दिवशी झटके आले, तीन दिवस शुद्ध नव्हती, पालघरला कोयनेल दिलं. "हिवताप," ती म्हणाली. आणि पुन्हा म्हणाली, "डोक्यात चढलेला हिवताप," कारण एकदा म्हणून झाल्यावर आता वाचवायचं काही राहिलं नव्हतं. तिने पटकन पुष्पाच्या कपाळाला हात लावून बघितला. कपाळ गार होतं.

"मग या कागदावर जन्मतः कसं आलं?"

"मी सांगितला. ताप कदीच नाय आला म्हनून मीच सांगितला."

डॉक्टरीणबाई रागावतील असं हंसाला वाटलं होतं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि साध्या शब्दांत समजावलं. पोरीच्या मेंदूला त्या तापात इजा झालेली आहे. जे गेलं ते परत येणार नाही, खोटी आशा देणार नाही. पण हे जे मध्येच थांबणं आहे, ते झटके आहेत आणि त्यांच्यावर गोळी आहे. रोज घ्यायची, एकही दिवस चुकवायची नाही. आधी सुरू झाली असती तर बरं झालं असतं. हे शेवटचं वाक्य त्या हळूच बोलल्या, पण बोलल्या.

"बाई," हंसा म्हणाली, "मी झगा दर्याला दिला तेव्हा मागे वळून बगितला होता. त्याच्याने झाला का हा?"

बाईंना त्यातलं काहीच माहीत नव्हतं. तरी त्यांनी नीट विचार करून उत्तर दिलं. "नाही. ताप उतरायच्या आधीच जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. तुम्ही वळलात न वळलात, काही फरक पडला नसता."

तेरा वर्षं उराशी बाळगलेला दोष असा एका वाक्यात गेला. हंसाला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही, कारण त्याच्या जागी दुसरा प्रश्न तयारच होता.

"ती थांबते तेव्हा तिला काय कळता? म्हणजे मासे पडले, हा कळता का तिला?"

"नाही. तेवढा वेळ ती तिथे नसतेच. भानावर येते तेव्हा मधलं काही तिला माहीत नसतं."

हंसा घरी येताना एसटीत खिडकीशी बसली होती, पदराचं टोक पुष्पाच्या मनगटाला. पोरीच्या बाजूने आज पहिल्यांदा तिने बघितलं. पोरगी मासे लावत असते. मग एकदम मार बसतो. का, ते तिला माहीत नाही. समोर आई उभी असते. दुसऱ्या दिवशी पुन्हा मासे लावत असते, पुन्हा मार बसतो. सहा वर्षांची असल्यापासून, रोज. आणि तरी ती गाठ बांधायला मनगट पुढे करते. हंसाला भर एसटीत हुंदका फुटला. पुष्पाने विचारलं, "आये, पोट दुखता?"

त्यानंतर पंधरा दिवस हंसाने सकाळी उठल्या उठल्या पोरीचं कपाळ चाचपलं. ताप आला नाही. दर्याने काही परत आणलं नाही. गोळीने पोरगी आधी पेंगुळली, मग तिची नजर उजळली. दिवसातून आठ-दहा वेळा थांबायची ती दोन-तीनदा थांबू लागली, मग एखाद्या वेळी. शब्द अजून सापडत नव्हते, वाट अजून चुकत होती. पण मार्गशीर्षात हाताची जखम भरून आल्यावर हंसाने तिला पुन्हा वलांडीपाशी बसवलं.

त्या सकाळी मायलेकी समोरासमोर बसून काम करत होत्या. पुष्पाचा उजवा हात जडच होता, पण चुकत नव्हता. एक जोडी, दुसरी जोडी. अर्धी दोरी भरली. हंसाचे स्वतःचे हात थांबले होते, ती नुसती बघत होती. पाच वर्षांची पोर तिला पुन्हा दिसत होती. पुष्पाच्या कपाळावर एक खवला चिकटला होता. हंसाने तो काढायला हात उचलला.

पुष्पाने झटकन मान खाली घातली आणि कोपर डोक्यावर आडवं धरलं. दोन्ही हातांतले मासे तिने सोडले नव्हते. ते तसेच कोपराआडून पुढे करत ती घाईघाईने म्हणाली, "नाय पडला, आये. बग ना. नाय पडला."

हंसाने हात मागे घेतला. मग ती पाटी बाजूला सारून पोरीजवळ जाऊन बसली आणि तिने सांगितलं, सगळं, जे पोरीला आजवर कोणी सांगितलंच नव्हतं. तू सा वर्षांची होतीस. तुला हिवताप आला होता. तो डोक्यात गेला. तुज्या हातून मासे पडायचे ते त्या तापामुले. तुजी काय चूक नव्हती. मी मारलं, ती चूक माजी.

पुष्पा तोंड उघडं टाकून ऐकत होती. "मंग मी ढोंग नाय करत?"

"नाय, बाय. कदीच नाय केलंस."

पोरगी मोठ्याने हसली. पलीकडच्या वलांडीवर बसलेल्या बायकांना तिने ओरडून सांगितलं, "मी ढोंग नाय करत!" तिचा दिवस आनंदात गेला.

दुपारी जेवून पुन्हा कामाला बसल्या, तर सकाळचं तिला काही आठवत नव्हतं. ताप, पालघर, झगा, सगळं गेलं होतं. हंसाने दोरी नीट करायला तिच्या खांद्यावरून हात पुढे नेला, तशी मान खाली गेली आणि कोपर वर आलं. तेवढं तिला पाठ होतं.

"नाय पडला, आये."

हंसाने हातातले मासे पाटीत ठेवले, हात लुगड्याला पुसले आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. तू सा वर्षांची होतीस. तुला हिवताप आला होता.